दातांची पडझड

केळशीच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलबाहेरची रांग पाहून डॉ. पूर्वी मयेकरला वाटलं, आत कुणाचं तरी लग्न लागतंय. तिला तपासायचे होते अकरा पेशंट. रांग तर जाळी वाळत घातली होती तिथपर्यंत पोचली होती.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या अकरा जणांच्या जबड्यांत तिने आपल्या रत्नागिरीच्या दवाखान्यात भरवलेल्या शिबिरात प्रत्येकी एक इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर पक्का दात, बसवला होता. तेव्हा मुंबईत दातांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या हर्षद सरांनी दंतवैद्यांच्या भर सभेत तिची टर उडवली होती. "खेकडे-कुर्ल्या फोडणारी तोंडं ती! तीन वर्षांत सगळे स्क्रू हातात येतील." पूर्वीला मिरच्या झोंबल्या. तिने प्रत्येक दात देशभरच्या गुणवत्ता रजिस्टरात चढवला. तीन वर्षांनी त्याचं काय झालं, हे त्यात भरायचं होतं. डॉक्टरला काय दिसलं तेही आणि पेशंट काय म्हणतो तेही. निकाल चांगला लागला तर गावाला दुसरं शिबिर मिळणार होतं. नाहीतर सर आणि त्यांचं हसू होतंच.

घोळ घातला तिच्या असिस्टंटने. मनिषाने त्या अकरांतल्याच सोनूबाईला फोन करून सांगितलं होतं, "रविवारी मॅडम येतायत. कोणाचे दात पडले, कोणाचे हलतायत, सगळं रजिस्टरात लिहून घेणार." वादळानंतर केळशीत टेबल मांडून काय पडलं ते लिहून घेणारा माणूस एकाच कामासाठी येतो, आणि ते काम म्हणजे नुकसानभरपाईचा पंचनामा. सोनूबाईने संध्याकाळच्या आत गावभर सांगावा धाडला.

पहिला नंबर केरूकाकांचा. त्यांनी आधार कार्ड, पासबुक आणि आ वासलेल्या तोंडाचा रंगीत फोटो टेबलावर ठेवला. फोटोत पुराव्याला त्या दिवशीचा पेपरही धरला होता.

"काका, दात कसा आहे?"

"पूर्ण पडझड."

पूर्वीने आरसा घालून पाहिलं, ठोकून पाहिलं. दात जेटीच्या खांबासारखा उभा होता. "अहो, हा तर पक्का आहे!"

"वरून दिसताय तसा. आतून पाया खचलाय."

सखूचा दात अंशतः पडला होता. तिच्या जावेचा हलत होता, पण फक्त वारं सुटलं की. मग सदू आला.

"तुम्हाला मी इम्प्लांट बसवलेलंच नाही!" पूर्वी म्हणाली.

"तेवा वगळलात ना? मगे आता पण वगळणार?"

पूर्वीने घसा बसेपर्यंत समजावलं की भरपाईबिरपाई काही नाही. सोनूबाई रांगेला डोळा घालत म्हणाली, "वादळाच्या टायमाला पण पयल्यांदा असाच सांगितलेला. लिव गो बाय, तू लिव."

आणि पेशंट म्हणतो ते लिहावं तर लागणारच होतं. दुपारपर्यंत एक सोनूबाई सोडून सगळ्यांचे दात कोसळले होते. पूर्वीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मग तिच्या डोक्यात एक वात्रट विचार आला. ती उठून उभी राहिली.

"ठीक आहे. ज्यांचे पडझडीत आहेत, त्यांचे स्क्रू आजच उपटू. मनिषा, पक्कड उकळायला ठेव. पुढचे तीन महिने सगळ्यांनी फक्त मऊभात खायचा. मासळी बंद."



"सुकी?" केरूकाकांनी हळूच विचारलं.

"सुकीसुद्धा."

"बाय, माझा लिवताना तुझा जरा चुकलाच वाटताय," म्हणत काकांनी कागद गोळा केले. बघता बघता सगळ्या दातांनी पुन्हा मुळं धरली. रांग तर अशी पांगली की सदूची एक चप्पल तिथेच राहिली.

उरली सोनूबाई. पूर्वीने तिच्या दाढेला बोट लावलं. दाढ खरंच हलत होती.

"सोनूबाई, ही हलतेय."

"नाय हलत. तुझा बोट हलताय."

"एक्स-रे काढायला रत्नागिरीला चला."

"मासली बंद करशील. मी नाय येत."

पूर्वीने प्रामाणिकपणे भरलं: दहा ठीक, एक हलते असं डॉक्टरचं मत, पेशंटला अमान्य, एक्स-रेला नकार. आठवड्याने रजिस्टर बघून हर्षद सरांचा फोन आला. "इतके चांगले आकडे? आणि ती एक बाई कोण? मी स्वतः बघायला येतोय."

सर आले. दहाही दात त्यांनी हलवून पाहिले. एकही दाद देईना. मग मोहरा सोनूबाईच्या घराकडे वळला.

"आधी जेवा," सोनूबाईने फर्मावलं. "उपाशी माणसाला मी तोंड दाखवीत नाय."

पानात कुर्ल्यांचं कालवण आलं. सरांनी मोठ्या ऐटीत नांगी दाढेखाली धरली. कट्ट असा आवाज झाला आणि सर जागच्या जागी थिजले. गालावर हात गेला.

"काय झालं, सर?"

"काही नाही. ठीक आहे."

सोनूबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. असा चेहरा ती गेले कित्येक दिवस स्वतःच्या आरशात बघत होती. "तोंड उघडा."

"अहो, ठीक आहे म्हटलं ना!"

"उघडा!"

सरांनी निमूटपणे आ केला. पूर्वीने बोट लावलं. सरांनी स्वतःच्याच हॉस्पिटलात, खास आपल्या देखरेखीखाली बसवून घेतलेलं इम्प्लांट नारळाच्या झावळीसारखं डुलत होतं.

"पूर्वी," सर गाल धरून पुटपुटले, "हे रजिस्टरात... लिहायलाच हवं का?"

पूर्वी काही बोलायच्या आत सोनूबाईने सरांच्या पुढ्यातलं कालवण उचललं आणि तिथे मऊभाताचं ताट सरकवलं. मग तिने आपलंही ताट बाजूला केलं आणि सरांच्या शेजारी बसकण मारली.

"लिव गो बाय," ती एक सुस्कारा टाकत म्हणाली. "दोन हलतायत. ह्यांचा एक नि माझा एक."