भोयरकाकांचा न वाळणारा ओढा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले भोयरकाका गेली काही वर्षं तेलरंगात एकच चित्र रंगवताहेत. सागाचं जंगल, मधून वाहणारा ओढा आणि काठावर एक मोठा काळा दगड. जंगल जागच्या जागी असतं, ओढाही. दगड मात्र आज या काठाला, तर उद्या त्या.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. उभी हयात बॉयलरपाशी गेली, त्यात कान गेले, असं ते सांगतात. पण मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं की समोरून हाक येते, "साखर कमी टाकजो वं."

त्यांच्या चित्रापुढून कोणाचीच सुटका नाही. सिलिंडरवाल्यालाही खांद्यावरचं ओझं उतरवून आधी उत्तर द्यावं लागतं.

"पाणी वाहून राहिलं का गा?"

तो बिचारा "हो" म्हणतो.

"कुठं वाहून राहिलं? दह्यावानी जमून बसलं."

रंगात ते घाणीवरचं जवसाचं तेल घालतात. त्यामुळे चित्र काही वाळत नाही आणि अख्ख्या मजल्याला चटणीचा वास येतो. लवकर वाळवायचं औषध मिळतं, असा शहाणपणा मी एकदा शिकवून पाहिला. "मले काहून घाई?" एवढंच म्हणाले.

यंदा सोसायटीच्या गणपतीत प्रदर्शन ठरलं आणि चित्र मागायला मला पाठवलं.

"नाही जमत," काका म्हणाले. "दगड बसला नाही अजून."

एका दगडाला बसायला इतकी वर्षं? मला काही राहवेना. काहीबाही निमित्त काढून मी चकरा वाढवल्या.

एका दुपारी गेले, तर चित्र नुसतं बघत राहावं असं झालं होतं. उजव्या काठावर शेवाळलेला दगड, त्याला वळसा घालणारं पाणी. आणि काकांनी माझ्यादेखत टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो दगड पुसला, डाव्या काठावर नवा काढला.

"अहो काका, छान होता की."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत जाऊन काकूंची चाकाची खुर्ची ढकलत आणली.

लकवा झाल्यापासून काकू बोलत नव्हत्या. ओढा त्यांच्या माहेरचा, रामटेकच्या पलीकडचा. लहानपणी त्याच दगडावर त्या धुणं धूत. काकू चित्राकडे बघत राहिल्या. काका उगाच ब्रश पुसत होते.

"त्या... काठाले," काकू म्हणाल्या.

दाराशी सोडायला आले तेव्हा काका हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणते, बोलती ठेवा. चहा पाहिजे का इचारलं तर मुंडी हलवते. दगड चुकला का बोलते."

चित्र झालेलं नाही, असं मी सोसायटीत सांगून टाकलं.

परवा काकांनी मलाच धरलं. "सांग वं, दगड कोन्या काठाले पाहिजे?" काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"डाव्या," मी म्हणाले.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. "उजव्या," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन, "इले... काय माहीत."

काका ब्रश हातात धरून वळले. "काय म्हणतं वं? मले ऐकू नाही आलं."

काकूंनी पुन्हा सांगितलं.