फाटक्या आवाजाची सनई

सनईवाल्यांची जीप ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकल्याचा फोन आला, तेव्हा सास्तूरच्या मांडवात वऱ्हाड येऊन बसलेलं होतं. नवरीच्या बापाच्या, नागप्पांच्या, तोंडचं पाणी पळालं. नवरदेवाचे आजोबा मल्लिनाथअप्पा सुपारीच्या दिवशीच बजावून गेले होते, "सनई माणसानंच वाजवलेली पायजे. मोबाईलमधली लावली, तर आमी वऱ्हाड घेऊन उठलो."

त्यात माईकवाल्या बिभीषणचं नवं मशीन सकाळीच जळालं. नाइलाजाने त्याने वडिलांच्या काळातला माईकचा डबा आणून मांडवामागच्या खोलीत जोडला होता. आत दोन-तीन ट्रान्झिस्टर, बाहेर एक बटण. बटण जरा जास्त फिरलं की आवाज फाटायचा आणि बिभीषणची मान खाली जायची.

त्याच खोलीत नवरी महेश्वरी बाशिंग बांधून बसली होती. गावच्या भजनाची पेटीही तिथेच होती आणि ती वाजवायची महेश्वरीच. जिवाची घालमेल थांबेना, म्हणून तिने भाता हलवून दोन सूर दाबले. माईक पेटीला टेकलेला, बटण शेवटपर्यंत फिरलेलं. डब्यात शिरलेला तो सूर फाटून, चिरकून, नाकात बोलत कर्ण्यातून बाहेर पडला. मांडवात कुणीतरी म्हणालं, "आली बरं का सनई."

नागप्पा धावत आत आले. "कुठंयत सनईवाले?"

"बटनाला हात लावू नका, काका," बिभीषण कुजबुजला. "कमी केलं की पेटी, वाढवलं की सनई."

नागप्पांनी मुकाट्याने दाराला कडी घातली. बाहेर मल्लिनाथअप्पा डोळे मिटून डोलत होते. सगळं निभावलं असतं, पण लग्न लावणाऱ्या स्वामींनी हाक दिली, "नवरीला आणा."

नवरी उठली की सनई बंद, आणि सनई बंद की वऱ्हाड उठणार. "सरक, म्या वाजवतो," म्हणत नागप्पा पेटीला बसले. कर्ण्यातून रेडकू ओरडल्यासारखं काहीतरी निघालं. महेश्वरीने बापाला बाजूला सारून पुन्हा सूर धरला.

तेवढ्यात दार वाजलं. "उघडा. वाजवणाऱ्याला फेटा बांधायचाय."

आवाज मल्लिनाथअप्पांचाच होता. नागप्पांनी जीव मुठीत धरून कडी काढली. हातात फेटा घेतलेले अप्पा दारातच थबकले. त्यांची होणारी नातसून घामाघूम होऊन भाता हलवत होती.

"थांबले तर तुम्ही उठताल, आजोबा," ती वाजवता वाजवताच हळूच म्हणाली.

अप्पांनी फेटा खांद्यावर टाकला. मग तिच्याजवळ वाकून म्हणाले, "माज्या एका शब्दापायी तू सोताच्या अक्षता सोडून बसलीस, पोरी? देवानं लई चांगलं माणूस दिलं आमाला. सरक आता. म्या बी मठात पेटी वाजवतो. बटन किती ठिवायचं रं?"

"फुल्ल," बिभीषण म्हणाला.

सनई क्षणभरही तुटली नाही. नागप्पांनी भरल्या डोळ्यांनी हात जोडले. अप्पांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. जाताजाता नागप्पांनी त्या डब्यालाही नमस्कार केला, पण लांबूनच.

नवरी मांडवात येऊन उभी राहिली. अक्षता वाटून झाल्या. आणि नवरदेवाचे वडील म्हणाले, "अप्पा कुठंयत? त्यांच्याबिगर अक्षता टाकायच्या न्हाईत."

नागप्पा पुन्हा खोलीकडे पळाले आणि निरोप घेऊन परत आले.

"अप्पा म्हणतेत, सनई चालू हाय तवर म्या जागचा हलत न्हाय. तुमी टाका."

नवरदेवाच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. "सनई म्हणलं की त्यांना घरदार सुचत न्हाय. टाका अक्षता."