एका दिवसाचा पगार

राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडे आमचं गाव आहे. गावात कुणाचं काही झाकलेलं नाही. कुणाच्या म्हशीनं काल दूध चोरलं, कुठल्या सासूसुनेचं कशावरून वाजलं, कुणाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं आणि खडा केवढा निघाला, हे आम्हाला तोंडपाठ असतं. खडा तर मालकानं बाटलीत घालून घरोघर फिरवला होता आणि आम्ही तो हातात घेऊन पाहिला होता. पुण्याच्या पार्टीला कुणी किती गुंठे काय भावानं दिले, हे दस्त होण्याआधी पारावर समजतं. लपवाछपवी आमच्या रक्तातच नाही.

फक्त पगार विचारायचा नसतो. तेवढी रीतभात आम्ही सांभाळून आहोत.

याचा अर्थ आमच्याकडे पगार नसतो असा कुणी काढू नये. उलट आमच्या प्रत्येक नोकरदाराला एकाहून अधिक पगार असतात. एक, पाहुणे स्थळ बघायला आले की सांगायचा. तो कांदेपोहे संपेपर्यंत वाढत राहतो. दुसरा, तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला काढताना सांगायचा. तो ऐकून समोरच्या कारकुनाला वाटतं, आपणच खिशातून काही द्यावं. तिसरा बायकोला सांगायचा. आणि एक खरोखर बँकेत जमा होतो, तो ज्याचा त्याचा आणि भैरवनाथाचा खासगी मामला. हे सगळे पगार वर्षानुवर्षं सुखानं नांदत होते, कारण त्यांची एकमेकांशी कधी गाठच पडत नव्हती.

ती गाठ गेनूतात्यांनी घालून दिली. गेनूतात्या हे आमच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष. वळवाच्या वाऱ्यात भैरवनाथाच्या मंडपाचे पत्रे उडाले, एक तर पार गुंजवण्याच्या वाटेला जाऊन पडला, तेव्हा तात्यांनी देवळात बैठक बोलावली.

"शेतकऱ्यांनी भात द्यावं," तात्या म्हणाले. "नोकरदारांनी एक दिसाचा पगार द्यावा. वरीसभर देव देतोय, एक दिस त्याचा. हाय का कुणाची हरकत?"

देवाच्या डोळ्यांदेखत हरकत कोण घेणार? सगळ्यांनी व्हय-व्हय केलं, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि जो तो उठला. आता, आमच्याकडे वर्गणी देवळाच्या भोंग्यावरून पुकारतात. नाव आणि रक्कम. गुप्तदान आम्हाला मान्य नाही. दिलेलं गावाला ऐकू आलं नाही तर ते दिलं हे देवाला तरी कसं कळावं? ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. तरीही बैठकीत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की एका दिवसाचा पगार भोंग्यावर आला तर त्याला तीसनं गुणायला मोबाईल पुरतो. घरी जाताना वाटेत आलं. त्या संध्याकाळी गावात कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

पहिला अडकला कुमार. कुमार शिरवळकडे एका कंपनीत हेल्पर आहे. आंबवड्याच्या प्रेरणाचं स्थळ त्याला आलं होतं आणि पाहुण्यांना त्यानं साठ हजार सांगितले होते. आता पाहुणे जत्रेला येणार, भोंगा ऐकणार. बिचाऱ्यानं मित्राकडून उसने घेऊन पूर्ण दोन हजार भरले. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, लग्न ठरलं. मात्र भोंगा त्याच्या आईनंही ऐकला होता. "एवढं मिळतं तर मला महिन्याला पाचशे का टिकवतोस रं?" या प्रश्नाचं उत्तर कुमार अजून शोधतो आहे.

बाकीच्यांनीही आपापल्या सोयीचा पगार निवडून भरला. ज्यांच्या पोरांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न होता त्यांनी देवाला शंभराच्या आत आटोपलं. या सगळ्यात दोनच माणसं खरं बोलली, आणि घात तिथं झाला.

त्यातली एक नूतन. ही रतनबाईंची मुलगी. वडील गेल्यापासून घर तिच्यावर आहे, धाकटा भाऊ भोरला आयटीआयला शिकतो. नूतन भोरच्याच एका पतसंस्थेत काउंटरला बसते. कुठल्या ते सांगत नाही, आमची कर्जं आहेत तिथं. दुसरा धनाजी, म्हणजे गेनूतात्यांचा मुलगा. तो तिच्यानंतर त्याच काउंटरला लागला. पिग्मीचा भरणा कसा घ्यायचा, रोकड कशी जुळवायची, म्हाताऱ्या खातेदाराला अंगठा कुठं लावायचा ते न चिडता कसं सांगायचं, हे सगळं नूतननं त्याला शिकवलं. दोघं एकाच येष्टीनं जातात, एकाच येष्टीनं परत येतात.

भोंग्यावर नावं लागोपाठ आली. "रतनबाईंची नूतन, पतसंस्था, रुपये चारशे. गेनूतात्यांचे चिरंजीव धनाजी, पतसंस्था, रुपये सातशे." तात्यांना मुलाचा आकडा नीट ऐकू आला नाही म्हणून तो पुन्हा एकदा पुकारला गेला.

दुसऱ्या दिवशी येष्टीत नूतननं धनाजीला विचारलं, "धना, काल एवढं कशाला फुगवून भरलंस? तुझं काय लग्न ठरायचंय का?"

"फुगवून? देवापुढं खोटं बोलतो व्हय मी?" धनाजी दुखावून म्हणाला. "हाय तेवढंच भरलं."

नूतननं मोबाईलवर सातशेला तीसनं गुणलं. मग म्हणाली, "मला बारा मिळतात. तुला एकवीस. काम एकच हाय आपलं."

"हळू बोल की. माणसं हायत."

माणसं होतीच. मागच्या बाकावर ठकुबाई आपल्या जावयाच्या मूळव्याधीची हकीकत सांगत होत्या आणि आम्ही सगळे, कंडक्टरसकट, मन लावून ऐकत होतो. पण नूतनच्या तोंडून आकडा आला आणि गाडीत एकदम शांतता झाली. लोक खिडकीबाहेर बघू लागले. चांगल्या घरातल्या पोरीनं असं भर गाडीत काय बोलावं.

नूतन मात्र पेटली होती. ती थेट पतसंस्थेच्या व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेली. व्यवस्थापक केशवराव म्हणजे भोरातले जुने, सुसंस्कृत गृहस्थ. कुणाचा आवाज चढला की त्यांचा उतरतो. त्यांच्या मागच्या भिंतीवर पाटी आहे: कर्ज मागणाराने पगारपत्रक जोडणे बंधनकारक.

"साहेब, धनाजीला एकवीस आणि मला बारा, असं का?"

केशवरावांनी चष्मा काढला. "नूतनताई, हा आकडा तुम्हाला कुठून समजला?"

"देवळाच्या भोंग्यावरून."

"म्हणजे गोपनीयतेचा भंग देवस्थानाकडून झालेला दिसतो."

"साहेब, त्याला काम मी शिकवलं."

"त्याबद्दल संस्था आपली आभारी आहे."

"मग पगारात का दिसत नाही?"

"असं बघा, पुरुष माणसाला घर चालवायचं असतं."

"घर मीही चालवते. माझ्या एकटीच्या जिवावर आहे ते."

"हो, पण तुमच्याकडून तशी अपेक्षा नसते ना," केशवराव मायेनं म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. चहा यायच्या आत ती उठली. "मला जास्त नको," दारातून ती म्हणाली, "त्याच्याएवढा द्या. तोवर मी विचारणार."

संस्थेनं ही बाब अत्यंत गांभीर्यानं घेतली. म्हणजे पगारातल्या फरकाची नव्हे, तो समजल्याची. त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. "सर्व सेवकांस कळविण्यात येते की, वेतन ही संस्था व सेवक यांजमधील अत्यंत नाजूक बाब आहे. सबब वेतनाचा आकडा सांगणे, विचारणे, ऐकणे, तसेच तो कोणत्याही धार्मिक प्रयोजनार्थ तीसने भागणे व आलेला भागाकार जाहीर करणे यांस सक्त मनाई आहे."

मनाई आली की अंमलबजावणी आली. पगाराच्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल बंद करून घेतले, कारण बँकेचा मेसेज वाजल्यावर माणसाचा चेहरा बदलतो आणि चेहऱ्यावरून अंदाज बांधता येतो. मग लक्षात आलं की अंदाज डब्यावरूनही येतो. कुणाच्या डब्यात पनीर निघतं, कुणाच्या डब्यात पिठलं. म्हणून सर्वांनी बटाट्याची भाजी आणावी असं ठरलं. धनाजीला नवं घड्याळ येष्टी स्टँडावरच काढून खिशात घालून येण्याची सूचना मिळाली. केशवराव स्वतः नियमाला अपवाद नव्हते. त्यांनीही बटाटा आणला. श्रीखंड ते केबिनचं दार लावून खात.

यानंतर नूतनला नोटीस आली. आरोप असा होता, की तिनं कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या गावात, स्वतःच्या कानांनी संस्थेची गोपनीय माहिती ऐकली. नूतननं उत्तरात लिहिलं, "मी एकटीनं ऐकली नाही. सगळ्या गावानं ऐकली. विचारून बघा." बाई हुशार, पण इथं चुकली. तिला वाटलं, गाव साक्ष देईल.

केशवराव खरोखरच गावाला विचारायला आले. देवळात बैठक भरली. नवे पत्रे अर्धेच बसले होते, त्यामुळे निम्मं गाव सावलीत आणि निम्मं उन्हात बसलं होतं. केशवरावांनी हात जोडून देवाला नमस्कार केला आणि ते अतिशय नम्रपणे बोलले. "आपलं गाव म्हणजे आमच्या संस्थेचं कुटुंब. जवळजवळ प्रत्येक घरात आमचं कर्ज आहे. आता ज्या ग्रामस्थांना त्या दिवशी वर्गणीचे आकडे ऐकू आले, त्यांचे स्वतःचे पुकारलेले आकडे आम्हालाही ऐकावे लागतील, आणि ते कर्जाच्या अर्जावरच्या पगाराशी ताडून बघावे लागतील. संस्थेचा नाइलाज आहे."

कुमारला घाम फुटला. शंभराच्या आत आटोपणाऱ्यांचंही मन देवावरून उडालं. कारण अर्जावर कुणी एक पगार लिहिला होता, देवाला दुसरा सांगितला होता, आणि दाखल्यावर तिसराच होता. लगेच गेनूतात्या उठले आणि ठराव मांडला: जत्रेच्या दिवशी भोंगा नादुरुस्त होता व ग्रामस्थांपैकी कोणासही कोणाचाही आकडा ऐकू आला नाही.

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विरोध एकट्या ठकुबाईंचा. "म्या समदं ऐकलं," त्या ठणकावून म्हणाल्या. पण ठकुबाईंना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही हे जगजाहीर असल्यामुळे त्यांचं म्हणणं नोंदवण्यात आलं नाही.

नूतन खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली. "तात्या, भोंगा बंद होता तर तुमी धनाचा आकडा पुन्यांदा का पुकारायला लावलात?"

तात्यांनी पागोटं सारखं केलं. "पोरी, तुझा हिशोब बरोबर हाय. न्हाई म्हणत न्हाई म्या. पण असं चारचौघांत काढत न्हाईत."

"बरं, आकडा सोडा," ती म्हणाली आणि धनाजीकडे वळली. "धना, तू एवढंच सांग, तुला काम कुणी शिकवलं?"

धनाजीनं बापाकडे बघितलं, मग केशवरावांकडे. आम्हाला वाटलं, आता बोलतो पोरगा. ओठ हललेही. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो आणि मनातून एकच मागत होतो, की यानं बोलू नये, कारण हा बोलला तर आपल्यालाही बोलावं लागेल. भैरवनाथ नवसाला पावला. धनाजीनं पेन घेतलं आणि ठरावाच्या कागदावर सही केली.

मग कागद फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटी कागद रतनबाईंकडे आला. नूतनच्या भावाची आयटीआयची फी त्याच पतसंस्थेच्या कर्जातून भरली होती. रतनबाईंनी कागद मांडीवर घेतला, पदरानं तोंड पुसलं, लेकीकडे न बघता सही केली आणि पेन पुढच्या बाईच्या हातात दिलं. नूतन चपला घालून घरी गेली. त्या रात्री त्या घरात काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही कुणाच्या घरात डोकावत नाही.

ग्रामस्थांपैकी कुणी ऐकलं नाही हे लेखी सिद्ध झाल्यामुळे नूतन खोटं बोलली हे आपोआप सिद्ध झालं आणि तिला कामावरून कमी करण्यात आलं. ती पुण्याला गेली. तिथं एका कचेरीत मुलाखतीला साहेबानं पहिलाच प्रश्न विचारला, "आधी किती मिळत होते?" हा प्रश्न साहेबानं विचारला तर असभ्य नसतो. तिनं खरं सांगितलं, बारा. त्यांनी तेरा दिले. तिथं आधीपासून बसलेल्यांना किती मिळतात, हे मात्र तिला विचारता आलं नाही. रुजू होताना पहिल्याच दिवशी तशी सही घेतली होती.

इकडे तिच्या खुर्चीवर केशवरावांचा पुतण्या शार्दूल आला. रोकड कशी जुळवायची ते त्याला धनाजी शिकवतो. शार्दूलला आपल्यापेक्षा बरेच जास्त मिळत असणार, असा धनाजीला दाट संशय आहे. परवा येष्टीत त्यानं तो माझ्या कानात सांगितला. मी म्हणालो, मग विचार की साहेबांना. तो म्हणाला, कुणाच्या जिवावर विचारू? आणि माझ्याकडे बघू लागला. मी खिडकीबाहेर बघितलं.

तुमच्याही कचेरीत शेजारच्या टेबलाला अशी एखादी बाई बसत असेल. तुम्ही नवे होता तेव्हा तिनंच तुम्हाला काम दाखवलं असेल. तिला तुमच्यापेक्षा किती कमी मिळतात, ते तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक करून घेतलं तर तिच्या बाजूनं उभं राहावं लागेल. तेव्हा विचारू नका. चांगल्या घरातली माणसं आहोत आपण.