पेशकारअप्पांचा मुलजिम

खोली दाखवायला म्हणून पेशकारअप्पा मला आत घेऊन गेले आणि त्यांनी आधी छताकडे बोट केलं. कोपऱ्यात लांब पायांचा एक कोळी आपल्या जाळ्यात उलटा लटकून निवांत झुलत होता.

"हे हितले कब्जेदार," अप्पा म्हणाले. "लई वर्सांपासून हायत. तुमी आज येऊन राहिले. तवा झाडू मारायचा तो खालीखाली. डोक्याच्या वर झाडू गेला, की खोली खाली करायची."

मी हसलो. अप्पा हसले नाहीत, तेव्हा मीही तोंड मिटलं.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. उस्मानाबादच्या आमच्या कचेरीची वाटणी झाली, त्यात काही टेबलं, काही कपाटं, एक कण्हणारा पंखा आणि मी लातूरच्या वाट्याला आलो. सगळ्या खात्यांचे कारकून एकदम गावात उतरल्यामुळे खोल्यांचाही दुष्काळ होता. पाण्याचा तर होताच. धर्मशाळेत चार रात्री काढलेल्या माणसाला कोळ्याचं काय एवढं? मी पेटी आत आणली आणि कब्जेदारांना मनातल्या मनात नमस्कार केला.

अप्पा निजामाच्या काळात कोर्टात चिकटले आणि पेशकार होऊन निवृत्त झाले. पेशकार म्हणजे न्यायाधीशाच्या शेजारी बसून खटले पुकारणारा, कागद पुढे करणारा माणूस. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे निकाल ऐकले. स्वतः एकही निकाल देता आला नाही, ती हौस ते आता ओसरीवर भागवत होते. कपाळावर विभूती, डोक्यावर काळी टोपी, मांडीवर पानाचा डबा आणि तोंडात अर्धी मराठी, अर्धी कोर्टातली उर्दू. गल्लीत कुणाला पुरळ उठो, फोड येवो, ओठ सुजो, लोक डोळे झाकून म्हणायचे, "कोळी मुतला." की अप्पांनी पेशी, म्हणजे सुनावणी, लावलीच!

मी पाहिलेली पहिली पेशी शेजारच्या मेहबूबभाई टेलरची. ओठ असा सुजला होता की बोलताना त्यांना तो हाताने आवरावा लागत होता.

"अप्पा, तुमारी मकडी काटी मेरेकू."

"देखी का तुमी?"

"देखा नै. पर काटीच."

"काल जेवनात काय होतं?"

मेहबूबभाई ओठ चाचपू लागले. भिंतीपलीकडून त्यांच्या बेगमचा आवाज आला, "बैंगन खाए ना! हर बार सूजता, हर बार खाते! मना करी थी मैं!"

"गवाह न बोलावता बोलला," अप्पांनी मांडीवर थाप मारली. "मुलजिम कोळी, बाइज्जत बरी!"

हा त्यांचा आवडता शब्द. 'बाइज्जत बरी', म्हणजे सन्मानाने निर्दोष, असं म्हणताना ते असे ताठ बसायचे की हायकोर्टालाही वाटावं, आपण जरा वाकून बसतो.

कोळी माणसाला का चावत नाही, यावर त्यांचं भाषण तयार असे. मी ते इतक्यांदा ऐकलं की कचेरीत फाईल उघडली तरी कानात तेच. "मुलजिमाचा हेतू काय? रगत पितो का तो? न्हाई. ते मच्छराचं काम, ढेकनाचं काम. हत्यार? दात हायत, पर असले बारीक की मानसाच्या कातड्यात घुसतच न्हाईत. आन तुमी त्याला शिकार दिसता का? तुमी त्याला भिंत वाटता, साहेब, भिंत! भिंतीला कोन चावतंय? कपड्यात चेंगरला, हाताखाली दबला, तर एखाद्या वक्ती तोंड मारंल. ते बी जान वाचवायला. त्याला कायद्यात माफी हाय."

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ते असंही सांगत, की माजघरातल्या कोळ्याला मराठीपेक्षा उर्दू जास्त समजते, कारण तो जुना आहे. मीही एकदा चाचरत त्याला "आदाब" म्हणून पाहिलं. तो जरा हलला, हे खरं आहे.

हा सगळा तमाशा चालू असताना अप्पांच्या बायको, आमच्या काकू, बाजूला ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. पेशी संपली, लोक हसत उठले, की त्या सूप आपटून म्हणायच्या, "सगळे सुटले. माजी पोरगी तेवडी अडकली."

त्याचा अर्थ मला एका दुपारी कळला. अप्पा बाहेर गेले होते. काकूंनी चहा दिला आणि आपणहून सांगितलं. गिरिजा त्यांची एकुलती एक मुलगी. धर्माबादला दिलेली, जावयाची तिथे भुसाराची अडत. पहिल्या दिवाळसणाला जावई आले, आणि पाडव्याच्या सकाळी त्यांच्या मानेवर सुपारीएवढा फोड. कोळी चावला म्हणाले. अप्पा काही गप्प बसणाऱ्यातले नव्हते. पाहुण्यांदेखत त्यांनी पेशी लावली, आणि पुरावा नाही म्हणून कोळ्याला सोडून दिलं. जावई फराळाच्या ताटावरून उठून एस.टी. स्टँडवर गेले. तेव्हापासून ते या घरात आले नाहीत आणि गिरिजालाही पाठवलं नाही.

"आता सातवा लागलाय तिला," काकू म्हणाल्या. "पहिलं बाळंतपन मायारी व्हावं का न्हाई? तर निरोप आला. कोळ्याच्या घरात आमचं लेकरू जल्मनार न्हाई म्हने."

"मग जाळी झाडून टाका ना, काकू!"

"मी कुंचा उचलला, तर हे स्टुलावर चढून दोन्ही हात पसरून उभे!"

अप्पांना मी विचारलं, तर ते चिडले. "झाडलं म्हंजे इकबाल-ए-जुर्म! गुन्हा कबूल! म्हंजे पेशकाराच्या घरात जावायाला इजा झाली हे खरं. मग पोरीला जलमभर तिथं ऐकून घ्यावं लागंल. न्हाई. मुलजिम सुटला पायजे, तर माजं घर सुटंल." आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "तिला वांग्याची भाजी तिच्या मायच्याच हातची लागती, साहेब. तिथं कोन करून देत आसंल?"

मला त्या माणसाचा राग यावा की कीव, हे ठरेना.

तेवढ्यात दसरा आला. एरवी घट बसायच्या आधी मराठवाड्यातलं घर न् घर धुऊन निघतं. गोधड्या, चादरी, धोतरं, सगळं नदीवर. त्या वर्षी नदीत नुसते दगड होते. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या, त्यात धुणं कुठलं? ज्याच्या विहिरीला पाणी टिकलं होतं तो गावाबाहेरचा भिमा परीट सगळ्या गल्लीचा तारणहार झाला. मीही माझे दोन नवे शर्ट त्याच्याकडे दिले.

धुऊन आलेला शर्ट घालून मी कचेरीत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान अशी भाजत होती की मी ओरडलोच, "कोळी चावला!"

झालं. अप्पांनी माझ्याकडे घरचाच माणूस फितूर झाल्यासारखं पाहिलं. मग टोपी नीट केली, चष्मा पुसला. "बसा. पेशी लावतो."

सगळी गल्ली जमली. मेहबूबभाई तर टेप गळ्यात तसाच ठेवून आले. अप्पांनी माझी मान वाकवली आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "शर्ट आना." कॉलर उलटी केली. जिथे फोड होता, नेमकं तिथेच आतून एक काळी खूण होती.

"ये तो बिब्बा है!" मेहबूबभाई कापड बघून ओरडले. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून परीट बिब्ब्याच्या तेलात सुई बुडवून खूण करतात, ती धुतली तरी जात नाही. पण ताजी असताना कातडीला घासली तर बिब्बा उततो आणि फोड येतो.

भिमाला बोलावणं गेलं. तो आला तो कान पकडूनच. "नव्या कापडाला खून कराच लागती की, अप्पा. सगळ्याला उतत न्हाई. एखाद्याचं कातडं नाजूक आसतंय."

लोक हसले. आता 'बाइज्जत बरी' ऐकायला मिळणार म्हणून सगळे अप्पांकडे बघू लागले. पण अप्पा उठले नाहीत. त्यांनी अगदी हळू विचारलं, "भिमा, दिवाळसनाला आमच्या जावायाचं कुडतं कुनी धुतलं होतं?"

"मीच की! आल्या दिशी काकूंनी दिलं नव्हतं का? नवं कोरं होतं, धुळीनं माखलेलं."

काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अप्पा नांदेडच्या गाडीत बसलो होतो. मी साक्षीदार. माझा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याच मांडीवर ठेवलेला, तो मुद्देमाल. अप्पा जावयापुढे करायचं भाषण मोठ्यांदा घोकत होते. अहमदपूर येईपर्यंत अर्धी गाडी खटल्यात सामील झाली. एक म्हातारी जावयाच्या बाजूने भांडली, कारण तिला खरंच एकदा काहीतरी चावलं होतं. तिला मागच्या बाकावरच्याने उलटतपासणीत गप्प केलं. कंडक्टरने शर्ट उलटा करून खूण पाहिली, घंटीची दोरी ओढली आणि निकाल दिला, "सुटला कोळी! चला, उतरा कोन उतरनार!" अप्पा असे खूष झाले की नांदेडला त्यांनी त्याला आग्रहाने चहा पाजला.

धर्माबादला जावयाच्या अडतीवर पोत्यांच्या थप्प्या होत्या. हमाल होते, माल घेऊन आलेले शेतकरी होते. गादीवर जावईबापू, मानेवरचा डाग अजून दिसत होता.

"शरणार्थ," अप्पा हात जोडून म्हणाले.

"या मामा," जावई म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हेच ते आमचे सासरे. कोळी पाळनारे." हमाल हसले. म्हणजे ती गोष्ट साऱ्या पेठेला सांगून झाली होती.

अप्पांनी घसा साफ केला. मी वर्तमानपत्राची गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात आतून गिरिजा पाणी घेऊन आली. अवघडलेली, पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. तिने तांब्या ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या पुडक्याकडे. पेशकाराचीच मुलगी ती. बाप काय करायला आलाय, हे तिला तिथल्या तिथे कळलं असावं. तिचे डोळे भरून आले.

अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी हात लांब करून माझ्या पुडक्यावर ठेवला, आणि मोठ्याने, भर पेठेत म्हणाले, "जावईबापू, तुमचं खरं होतं. कोळीच चावला तुमाला. माजी चूक झाली."

मी तोंड उघडलं. अप्पांनी पुडकं असं दाबलं की मी तोंड मिटलं.

"घर साफ करून घेतो. एक जाळं ऱ्हानार न्हाई. पोरीला पाठवा."

जावईबापू क्षणभर गोंधळले. भांडायला सरसावलेला माणूस समोर कुणी नाही म्हटल्यावर होतो तसे. मग ते चक्क गादीवरून उठले. "आवं मामा, तसं माज्या मनात काय न्हाई. हे काय, त्यात काय आनलंय?"

"ह्यांचा शर्ट हाय," अप्पा म्हणाले. "इस्त्रीला न्यायचाय."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत गिरिजा खिडकीशी बसली होती. काकूंनी शिदोरीत दिलेला धपाटा तिने अप्पांच्या खांद्याला टेकूनच खाल्ला आणि तिथेच तिला झोप लागली. मला राहवेना. मी हळूच म्हणालो, "अप्पा, जिंकलेली केस होती हो!"

"हाव," अप्पा म्हणाले. त्यांनी मुलीचा पदर नीट केला. "पर ती मी जिंकलो आसतो, आन मागारी ही एकटी तिथं हरलेल्या नवऱ्यासंगं राहिली आसती."

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. काकूंनी भाकरतुकडा ओवाळला, मुलीला मिठीत घेतलं, आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या हसत-रडतच. अप्पांनी कोट काढला नाही, पाणी घेतलं नाही. स्टूल ओढलं, डोक्यावरची टोपी काढली आणि माजघरात गेले. जाळ्यांकडे बोट करून मला म्हणाले, "साहेब, ह्यांना तुमच्या खोलीत घेता का? जावईबापू बारशाला येतील तवा हितं दिसायला नकोत." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

ते एकेका कोळ्याला अलगद टोपीत घ्यायचे आणि माझ्या खोलीत नेऊन सोडायचे. एकही त्यांना चावला नाही. शेवटी तो जुना, उर्दू समजणारा उरला. स्टुलावर चढून अप्पांनी टोपी पुढे केली, पण लगेच उचलला नाही त्याला. मी दाराशी आहे, हे ते विसरले असावेत.

"पोरीसाठी खोटी गवाही दिली, बाबा," ते म्हणाले. "तुजा काय बी गुन्हा न्हवता."