अल्प व्याजात नवी वहिनी

नेमक्या कर्जाचा अर्ज पाठवायच्या दिवशी नगरपालिकेच्या कॉम्प्युटरने मान टाकली. हेडक्लार्कने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, वायर उपटून पुन्हा खोचली, शेवटी हातही जोडले. पण पडद्यावरचा अंधार काही हलेना. अर्ज आणि सोबतची जाहीर सूचना पाच वाजेपर्यंत मंडळाकडे गेली नाही, तर खालच्या आळीच्या सांडपाण्याचं घोंगडं पुन्हा भिजत पडणार होतं.

हे मंडळ म्हणजे छोट्या गावांना पाण्याच्या आणि गटारांच्या कामासाठी दोन टक्के व्याजाने कर्ज देणारं सरकारी खातं. व्याज नावाला, फेड वीस वर्षांत. अट एकच, पण ती खमकी. पैसे शेवटी लोकांच्याच पाणीपट्टीतून फिटणार, म्हणून जाहीर सुनावणीला निदान शंभर रहिवासी हजर हवेत आणि त्यातल्या निम्म्यांची तरी हरकत नको. पहिल्या सुनावणीला तीन माणसं आली होती: स्वतः हेडक्लार्क, शिपाई आणि पंख्याखाली बसायला आलेले एक गृहस्थ. दुसऱ्या खेपेला ते गृहस्थही आले नाहीत. आता ही तिसरी आणि या वर्षातली शेवटची संधी होती.

हेडक्लार्कचा जीव या कामात अडकला होता, त्याला कारण होतं. तो खालच्या आळीतच राहायचा, दादा आणि वहिनीजवळ. वरच्या भागातले लोक सकाळी आंघोळीला बसले की त्यांचं पाणी खालच्या आळीतल्या मोऱ्यांमधून उलटं वर यायचं. वहिनी मोरीच्या जाळीवर भलामोठा दगड ठेवायची, तरी पाणी यायचं ते यायचंच. मग गुडघ्यावर हात ठेवून, डब्याडब्याने ती ते उपसायची. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हे बघवत नव्हतं. "रिटायर व्हायच्या आत तो दगड उचलून दाखवतो," असा शब्द त्याने तिला दिला होता, आणि रिटायर व्हायला दोन महिने उरले होते.

"मोबाइलवर टाइप करा ना," शिपाई म्हणाला. "माझी मुलगी अख्खा निबंध लिहिते."

हेडक्लार्क मोबाइल घेऊन बसला. आता हा माणूस शुद्धलेखनाचा एवढा कडक, की अख्खं ऑफिस त्याला पाठीमागे 'कानामात्रा' म्हणायचं. रजेच्या अर्जात वेलांटी चुकली तर तो रजा अडवून ठेवायचा. पण त्याच्या मोबाइलला मात्र जगातला एकच शब्द नीट पाठ होता. 'वहिनी, निघालो', 'वहिनी, आणतो', 'वहिनी, विसरलो', असे वीस-वीस निरोप रोज लिहून त्या यंत्राची पक्की समजूत झाली होती की या माणसाला दुसरं काही म्हणायचंच नसतं. त्यामुळे त्याने नळी या अर्थी 'वाहिनी' लिहिलं, की मोबाइल आपला मायेने त्यातला काना काढून टाकत होता.

पावणेपाचला त्याने मजकूर वाचून काढला. वाचला तो अर्थातच वेलांट्यांसाठी. 'वहिनी'तली पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ, सगळं चोख. वर मुख्याधिकारी साहेबांनी 'सांडपाणी' हा शब्द दिसेल तिथून काढायला लावला.

"लोक जेवताना वाचतात हो. घाण वाटते."

"पण साहेब, मग कशाची योजना ते कळणार कसं?"

"मुख्य वाहिनी म्हटलं की कळतं सगळ्यांना," साहेब म्हणाले आणि न वाचता सही करून मोकळे झाले. छापखानेवाल्याच्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण कानामात्राच्या मजकुराला हात लावायची त्याची छाती नव्हती.

शनिवारी सकाळी घरोघरी पत्रकं पडली. दादांनी चहा पिता पिता ते मोठ्याने वाचायला घेतलं.

"जाहीर सूचना. खालच्या आळीतील मुख्य वहिनी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी बसवलेली असून आता पूर्णपणे जीर्ण झाली आहे." दादा थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "ती वारंवार तुंबते व तिला भार सोसत नाही. सबब जुनी वहिनी उखडून तिच्या जागी रुंद व टिकाऊ अशी नवी वहिनी आणण्याचे योजिले आहे. नव्या वहिनीसाठी अल्प व्याजाचे कर्ज घेण्यात येत असून त्याची परतफेड रहिवाशांनी वीस वर्षांत करायची आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात हजर राहावे." दादांनी कागद उलटा करून पाहिला. "अगं, वीस वर्षांचे हप्ते म्हणजे नवी चांगलीच महाग दिसतेय."

हेडक्लार्कने चहाचा कप तसाच खाली ठेवला. आळीत ज्या वर्षी ती नळी टाकली, त्याच वर्षी वहिनी लग्न होऊन या घरात आली होती. तेव्हा तो दहा वर्षांचा, आईविना पोर. त्याने 'वहिनी, वहिनी' करत तिच्यामागे फिरावं आणि आळीतल्या पोरांनी ते ऐकून तसंच म्हणावं, असं करता करता ती सगळ्या आळीची वहिनी झाली. खालच्या आळीतली मुख्य वहिनी कोण, हे सांगायला नगरपालिकेची गरज नव्हती.

"वहिनी, अगं, नळी! नळीबद्दल आहे ते. एक काना राहिला."

"सही कोणाची आहे?" वहिनीने विचारलं.

"साहेबांची. आणि... खाली माझी."

"बरं," वहिनी म्हणाली. तिचं 'बरं' एवढं लहान असलं की घरात कोणी जोराने श्वासही घेत नसे. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि भाऊजी, रुंद कशाला हवी होती?"

त्या दिवसापासून त्याच्या चहात साखर पडणं बंद झालं. तिला काय ते कळलं नव्हतं असं नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्या डब्यात पहिली पोळी घातली, त्याच्या सहीखाली 'जीर्ण' हा शब्द वाचायचा, हे तिला लागलं होतं. त्यालाही ते समजत होतं आणि म्हणूनच त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

सोमवारी त्याने घाईघाईने शुद्धिपत्रक काढलं. कॉम्प्युटर अजून आजारीच होता, तेव्हा पुन्हा मोबाइल. संध्याकाळी आळीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत कागद चिकटला: 'दिनांक चारच्या सूचनेत जेथे जेथे वहिनी असे छापले आहे, तेथे तेथे वहिनी असे वाचावे. नगरपालिका आपल्या शब्दावर ठाम आहे.' दुसरं वाक्य साहेबांनी स्वतः घातलं होतं, जरा भारदस्त वाटावं म्हणून.

त्या कागदाने आळी पेटली. शिंपीमास्तरांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि फुटपट्टी हातात घेऊनच ते बाहेर आले. "माझ्या बायकोच्या तिन्ही बाळंतपणांत हिने डबे दिलेत. हिला उखडणार? आज वहिनी, उद्या मावशी, परवा आजी! आपण गप्प बसायचं?"

"पण मास्तर, ते बहुतेक गटाराचं..." कोणीतरी चाचरत म्हणालं.

"म्हणजे वहिनीला गटार म्हणाले? मग तर मी सगळ्यांना घेऊन जाणार!"

गुरुवारी अकराला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, बाकं संपली, माणसं खिडक्यांच्या कठड्यावर बसली. शिपाई हजेरीचं रजिस्टर फिरवत होता. एवढ्या सह्या त्याने उभ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. एकशे त्रेचाळीस! हेडक्लार्कला क्षणभर आनंदाने उडी मारावीशी वाटली. मग त्याने सह्यांशेजारचा रकाना पाहिला. एकशे त्रेचाळीस सह्यांपुढे एकशे बेचाळीस वेळा 'हरकत आहे' लिहिलं होतं. उरलेल्या एकाने 'सक्त हरकत आहे' लिहिलं होतं, ते मास्तर.

मंडळाच्या तपासनीस बाई समोर बसल्या होत्या. पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, पुढ्यात अर्जाची फाइल. त्यांनी मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि तोंडाला रुमाल लावला. बराच वेळ त्या रुमालामागेच होत्या.

"नव्या... याला... कोणाकोणाची हरकत आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सगळ्यांची!" सभागृह कडाडलं.

"नियमाप्रमाणे मग अर्ज रद्द होतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

हेडक्लार्क उठला. त्याला खूप बोलायचं होतं: नळीबद्दल, दगडाबद्दल, दोन महिन्यांबद्दल. पण तोंडातून एकच वाक्य बाहेर पडलं. "चूक माझी आहे. एक काना मी खाल्ला. त्याची शिक्षा आळीला देऊ नका."

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी उठलं. गर्दी आपोआप बाजूला झाली. वहिनी, गुडघ्यावर हात टेकत, एकेक पाऊल टाकत पुढे आली आणि थेट बाईंच्या टेबलाशी उभी राहिली.

"जुनी मीच," ती म्हणाली. "आता नवीबद्दल सांगा. व्याज किती?"

"दोन टक्के," बाई म्हणाल्या.

"आज दोन आणि पुढल्या वर्षी पाच, असं नाही ना?"

"वीस वर्षं दोनच. कागदावर आहे."

"कागदावर काय काय असतं ते आम्ही वाचलंय." सभागृहात खसखस पिकली. "घरटी महिन्याला किती वाढेल?"

बाईंनी आकडा सांगितला.

"हे कर्ज नाही घेतलं तर?"

"तर बाजारातल्या व्याजाने घ्यावं लागेल. ते याच्या चौपट असतं. नाहीतर आहे ते तसंच राहील."

वहिनीने मागे वळून पाहिलं. "ऐकलंत? महिन्याला दोन साबणांचे पैसे. आमच्या मोरीत घाण पाणी आलं की धुवायला मला सहा लागतात." मग पुन्हा बाईंकडे वळून, "काम झाल्यावर पाणी उलटं येणार नाही, हे कोण लिहून देणार?"

"ठेकेदार. आणि पाच वर्षं दुरुस्ती त्याच्या खर्चाने."

"आणि पिण्याची नळी? ती गटाराला चिकटून गेलीय. पाण्याला वास येतो."

"ती वेगळी होणार, दुसऱ्या बाजूने. याच कर्जात."

मग वहिनीने शिपायाच्या हातून रजिस्टर घेतलं, स्वतःच्या सहीपुढची 'हरकत आहे' ही अक्षरं खोडली आणि मोठ्याने म्हणाली, "माझी हरकत नाही. जुनी उखडा, नवी आणा. आणि रुंदच आणा, अरुंद आणून पुन्हा तुंबायला नको!"

हसण्याचा असा स्फोट झाला की खिडकीतली दोन माणसं बाहेर पडली. मास्तरांनी फुटपट्टी काखेत मारली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन आपलं 'सक्त' खोडलं. बाकीच्यांची रांग दारापर्यंत गेली.

हेडक्लार्क बाईंजवळ गेला. "मॅडम, तेवढा काना घालून मजकूर दुरुस्त करून देतो."

"अजिबात नको," बाई घाईने म्हणाल्या. "लोकांनी याच मजकुराला संमती दिलीय. एक अक्षर बदललं तर पुन्हा सूचना, पुन्हा सुनावणी. आणि पुढल्या खेपेला तुमचे तीनच लोक येतील."

मंजुरीचं पत्र बरोबर त्याच्या रिटायरमेंटच्या दिवशी आलं. हार नाही, तुरा नाही, तो ते पत्र तेवढं खिशात घालून घरी आला. खणायला सुरुवात व्हायला अजून महिनाभर होता. दगड मोरीवर होता तिथेच होता. शब्द पुरता पाळला गेला नव्हता, म्हणून तो जरा खाली मान घालूनच बसला. दादांनी पत्र घेतलं आणि चष्मा पुसला.

"कर्ज मंजूर करण्यात येत आहे. अट क्रमांक एक: नवी वहिनी आल्यावर जुनीचे योग्य ते..." दादा खाकरले आणि खाली सरकले. "अट क्रमांक सात: कर्ज पूर्ण फिटेपर्यंत वहिनीची नियमित देखभाल करणे, तिच्यावर जादा भार न टाकणे व तक्रार येताच तत्काळ लक्ष देणे अर्जदारावर बंधनकारक राहील." त्यांनी खालची सही पाहिली. "अर्जदार म्हणून तुझं नाव आहे रे."

वहिनीने पत्र हातात घेतलं. तिने शिक्का बोटाने चाचपून पाहिला, पत्राची घडी घातली आणि ती साखरेच्या डब्याखाली ठेवली. मग तोच डबा उघडून तिने त्याच्या कपात दोन चमचे साखर टाकली आणि ढवळत म्हणाली,

"वीस वर्षं म्हणाली होती ना ती बाई? म्हणजे भाऊजी, तोवर मला जीर्ण व्हायला परवानगी नाही. घ्या चहा, आणि उद्या सकाळी मोरी तुम्ही उपसायची. जादा भार नाही टाकायचा म्हणे."