उद्या बारावा

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्वदीर्घ चौथीत शाळेबरोबरच सुटलं. चुका पोटात घाला. पण आमच्या काळाचौकीच्या चाळीतले मधुकाका शिंपी आभाळातल्या उपग्रहाला आपल्याच धंद्यातला मानतात, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

दुकान बंद करून काकांना दहा वर्षं झाली, तरी टेप गळ्यातच असते. जमीन मोजणारा तो उपग्रह सुटला त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गॅलरीत बसवून मोबाइलवर उड्डाण दाखवलं. रॉकेट दिसेनासं झालं तसे म्हणाले, "आम्ही गिऱ्हाइकाला उभं करून माप घ्यायचो. हा लांबूनच घेणार, ढगाआडून, अंधारातसुद्धा. जमीन बोटभर खचली तरी ह्याला कळणार." मग शेजारच्या परबवहिनींकडे वळून, "वहिनी, उद्यापासून जरा हलक्या पावलाने." वहिनी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, हे काकांनी पेपरात वाचलं आणि जिन्यातल्या फळ्यावर लिहिलं, 'उद्या बारावा. सर्वांनी घरी असावे.' परबवहिनी रुसवा विसरून, डोळ्याला पदर लावूनच आल्या. कोण गेलं, विचारू लागल्या.

"गेलं कोणी नाही," काका म्हणाले, "येतोय."

तेव्हापासून तो वरून मोजतो आणि काका खालून. दर बाराव्या दिवशी ते चाळीतल्या भेगा मोजत फिरतात. बाकीचे दारातूनच कटवतात. परबवहिनी तर टेप दिसली की कडी लावतात. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वीतभर भेग आहे. तेवढी मोजायला काकांना एक तास आणि दोन कप चहा लागतो. मग टोकाला खडूने रेघ मारून सांगतात, "सुतभर वाढली. पुढच्या खेपेला बघावं लागेल." रेघा मात्र एकावर एक, त्याच जागी. मी दुसरा कप भरते. काकी गेल्यापासून त्यांच्या खोलीत एकाच कपाचा चहा होतो.

परवा डागडुजीला गवंडी आला. चाळीतली एकेक भेग लिंपत गेला. काका माझ्या दारात टेप गुंडाळत होते, परत सोडत होते. उपग्रहाचं नावसुद्धा काढलं नाही. गवंडी थापी घेऊन माझ्या भिंतीशी आला.

"ही राहू द्या," मी म्हटलं.

"का, ताई?"

"माप चालू आहे."

काकांनी टेप पुन्हा गळ्यात घातली.

बुधवारी बारावा आहे. दूध जास्तीचं सांगून ठेवलंय.