नियमाचा चहा

हर्षाला स्पॅनिश येत होतं, पण फक्त हुकूम सोडण्यापुरतं. चिमूरकडच्या जंगलात गाईड म्हणून लागल्यावर तिनं मोबाईलवर दोनच धडे पाठ केले होते. 'तिएने के' म्हणजे केलंच पाहिजे, आणि 'नो देबे' म्हणजे करायचं नाही. पाहुण्यांना जिप्सीत बसवून ठेवायला आणखी काय लागतं? पुढचा धडा 'हवं असेल तर'चा होता. तो सवडीनं बघू, असं तिनं ठरवलं होतं.

आणि नेमक्या पिलारबाई आल्या. स्पेनच्या निवृत्त मास्तरीणबाई, हर्षाच्या घरच्या नव्या होमस्टेच्या पहिल्याच पाहुण्या. बुकिंगवाल्या विक्कीनं चंद्रपूरहून फोनवर बजावलं होतं, "बाई खूश झाली तं सीझनभर पाव्हणे पाठवतो. नाई तं होमस्टे इसरून जा."

सकाळच्या सफारीला हर्षानं गेटवर नियम सांगितले. तिएने के बसून राहायचं, तिएने के गप्प राहायचं, नो देबे खाली उतरायचं. मोडलं तर दंड. पिलारबाईंनी जन्मभर पोरांकडून नियम पाळून घेतलेले. त्यांनी सफारीभर पापणीसुद्धा जपून हलवली.

दुपारी घरी आल्यावर हर्षाच्या आईनं, बायनाबाईनं, चहाचा कप पुढे केला. पिलारबाईंनी हात आडवा धरला. आता पहिल्यांदा नको म्हणणं हे पाहुण्याचं काम आणि ते न ऐकणं हे घरच्यांचं!

"सांग तिले, घ्याच लागते!" बायनाबाई म्हणाली.

"तिएने के," हर्षा म्हणाली. पिलारबाईंनी मुकाट्यानं कप रिकामा केला. रिकामा दिसला म्हणून बायनाबाईनं परत भरला.

तेवढ्यात शेजारची रुखमाबाई दारात हजर. "काऊन वं हर्षे, पाव्हणी का तुमचीच हाये? आमच्या इथी चहा घेतल्याबिगर जाऊ देतो का?"

रुखमाकडे झाला म्हणून पलीकडच्या सुकरीकडे, सुकरीकडे झाला म्हणून तिच्या जावेकडे, नाहीतर जाऊ वर्षभर बोलली नसती. दारोदार हर्षा इमानदारीनं भाषांतर करत होती आणि पिलारबाई इमानदारीनं पीत होत्या. सुकरीच्या जावेनं तर वर ताकही पाजलं. इतक्यात दुपारच्या सफारीसाठी ड्रायव्हर प्रफुलनं बाहेर हॉर्न वाजवला. उशीर झाला तर गेट बंद व्हायचं. "तिएने के!" म्हणत हर्षानं बाईंना तसंच जिप्सीत चढवलं.

जंगलात शिरून बराच वेळ झाल्यावर वाघीण दिसली. दिसली कसली, रस्त्यातच आडवी पसरली होती. मागे गाड्यांची रांग लागली. जो तो फोटो काढत होता आणि पिलारबाई गुडघे आवळून थरथरत होत्या.

"बाई कापून राह्यली न," प्रफुल कुजबुजला. "भेली का?"

"बान्यो," पिलारबाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी खाली बोट दाखवलं. उतरू का?

'बान्यो' म्हणजे संडास. हा शब्द जगातल्या प्रत्येक गाईडला येतो. "नो देबे!" ती वाघिणीकडे बघत ओरडायचीच बाकी राहिली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हर्षाला डोळ्यांसमोर विक्की दिसायला लागला.

"भाऊ, मांगं घे ना गाडी!"

"कुठी घेऊ? मांगं अख्खी लाईन उभी हाये!"

वाघिणीनं जांभई दिली आणि कूस बदलली.

"जा ना वं माय," हर्षानं चक्क हात जोडले. "तुह्या पाया पडतो!"

शेवटी वाघीण उठली, अंग ताणलं आणि डुलत डुलत बांबूत शिरली. लोक हळहळले. एका जिप्सीत मात्र तिघांचाही जीव भांड्यात पडला. गेटवर गाडी थांबायच्या आत पिलारबाईंनी आयुष्यातला पहिला नियम मोडला, उडी मारली आणि धूम पळाल्या. परत आल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की हर्षाला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

घरी येताच तिनं आधी तो पुढचा धडा काढला आणि मोबाईलमधून वाचून सांगितलं, चहाचा नियम नाही, आमच्याकडे तो आग्रह असतो. पिलारबाई आधी थक्क झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांची आजीही अशीच होती म्हणे! त्यांनी तिथूनच विक्कीला कळवून मुक्काम आठवड्यानं वाढवला. हर्षानं भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

मग पिलारबाईंनी बॅगेतून एक बरणी काढली. आत खाऱ्या पाण्यातली ऑलिव्हची हिरवी फळं होती. त्यांनी एक फळ बायनाबाईपुढे धरलं.

"नाई नाई, मले नको," बायनाबाई म्हणाली.

"तिएने के!" पिलारबाईंनी बजावलं.

"काय म्हणते वं?"

"खाच लागते म्हणते."

बायनाबाईनं ते खारट, कडवट फळ डोळे मिटून गिळलं. डोळे उघडले तर पुढे दुसरं तयार. तेवढ्यात रुखमाबाई दारात आली आणि बायनाबाईला हायसं वाटलं.

"ये वं रुखमे, ये!" ती बरणी उचलत म्हणाली. "तुले तं खाच लागन!"